अनंत फंदीचा डफ

अनंत फंदी म्हटले की आपणांपैकी बहुतेकांस शाळेच्या पुस्तकातील एक उपदेशपर फटका आठवतो, आणि स्मरण तेथेच थांबते. ज्याने डफाच्या थापेवर तमाशाचे फड गाजविले, त्या शाहिराची आमच्या मनातील मूर्ती छडी घेतलेल्या पंतोजीची व्हावी, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा. त्याच्या लावण्या, पोवाडे व फटके एकत्र ठेवून वाचले असता हा विनोद किती अन्यायाचा आहे, ते ध्यानात येते.

फंदीचा जन्म 1744 साली प्रवराकाठच्या संगमनेरास झाला. आडनाव घोलप, जात ब्राह्मणाची, आणि व्यवसाय पत्करला तमासगिराचा. मलिक फंदी नावाच्या फकिराच्या स्नेहामुळे त्यास ‘फंदी’ हे नाव जडले, असे परंपरा सांगते. ब्राह्मणाने फकिराचे नाव आनंदाने मिरवावे, यावरून त्या फडाची वृत्ती काय असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

पुढे अहिल्याबाई होळकर यांनी ‘ब्राह्मणाने डफ वाजविणे शोभत नाही’ अशी कानउघाडणी केली व फंदीने तमाशा सोडून कीर्तन धरले, ही कथा प्रसिद्धच आहे. अहिल्याबाईही याच जिल्ह्यातील चौंडीच्या. 2024 पासून जिल्हा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांच्या धर्मनिष्ठेविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु वीणा शुद्ध आणि डफ हलका, ही त्या काळची तागडी होती. आपण आज तीच हाती घेण्याचे कारण नाही.

आणि डफ खरोखर सुटला काय? फटक्याची ओळ मोजून पाहावी. आठ, आठ, आठ आणि शेवटी सहा अशा तीस मात्रा. अखेरच्या दोन मात्रांची जागा मोकळी, जणू थापेसाठीच राखलेली. ओळीमागून ओळ निषेधाच्या त्याच शब्दावर येऊन आदळते आणि श्रोता तो शब्द आधीच ओठांवर घेऊन बसतो. उपदेश कीर्तनकाराचा खरा, पण श्रोत्यांस धरून ठेवण्याची हातोटी फडावरची आहे. ती नसती, तर इतका उपदेश दोन शतके कोणी ऐकून घेतला असता, असे आम्हांस वाटत नाही.

त्याच्या पोवाड्यांस इतिहासाची जोड आहे. 11 मार्च 1795 रोजी खर्ड्यास मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, आणि फंदीने त्या लढाईचा पोवाडा रचला. खर्डा व चौंडी ही दोन्ही गावे जामखेड तालुक्यातलीच. म्हणजे मराठ्यांचा तो शेवटचा मोठा एकत्रित विजय या शाहिराच्या स्वतःच्या मुलखात झाला. त्याच वर्षी ऑगस्टात अहिल्याबाई वारल्या व ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा अंत झाला. विजय गाणाऱ्या शाहिरास पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या इच्छेवरून त्याच तरुण पेशव्यावर ओवीबद्ध ‘माधवग्रंथ’ लिहावा लागला. 1818 साली पेशवाई बुडाली व 1819 साली फंदीही गेला. एका राज्याचा उत्कर्ष व अस्त एवढ्या जवळून पाहिलेले शाहीर थोडेच.

शं. तु. शाळिग्राम यांच्यासारख्या संग्राहकांनी शाहिरांची कवने मिळवून छापिली, हे त्यांचे मोठे ऋण आहे. तथापि छापखान्यास शब्द राखता येतात, थाप राखता येत नाही. फंदीच्या मुखातली चाल आज कोणत्याही कागदावर नाही. म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती आहे: तो ओळखीचा फटका एकदा पुस्तक मिटून, मोठ्याने, हाताने ताल धरून म्हणून पाहावा. पंतोजी उठून जाईल आणि संगमनेरचा तमासगीर समोर उभा राहील.