गाडीतल्या शांततेचा इतिहास

रोजच्या गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी आपण बोलत का नाही? प्रश्न साधा वाटतो ना? पण तुम्ही पीएचडीसाठी विषय शोधत असाल, तर याचा प्रवास जरूर बघा.

सुरुवात जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेलपासून करू. १९०८च्या ग्रंथात तो एक मजेशीर गोष्ट नोंदवतो. एकोणिसाव्या शतकात बस, रेल्वे, ट्राम आल्या. त्याआधी एकमेकांकडे बघत, पण एक शब्दही न बोलता, इतका वेळ बसून राहायची पाळी माणसांवर कधी आलीच नव्हती. म्हणजे आपल्याला जी शांतता ‘स्वाभाविक’ वाटते, ती तशी अलीकडचीच.

पुढे अमेरिकेत स्टॅनली मिलग्रॅम. (हो, विजेच्या झटक्यांच्या प्रयोगवालाच.) १९७०मध्ये त्याने मांडलं की शहरात मनावर इतका मारा होतो, की माणूस स्वतःला वाचवायला अलिप्त होतो. १९७२मध्ये तो ‘ओळखीच्या अनोळखी’ माणसांकडे वळला. त्याच्या विद्यार्थ्यांनी सकाळी स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्यांचे फोटो काढले आणि नंतर तेच फोटो तिथल्या प्रवाशांना दाखवले. वर्षानुवर्षं बघितलेले चेहरे, पण बोलणं शून्य! आणि जितके दिवस न बोलता जातात, तितकं बोलणं अवघड होतं, असं त्याचं म्हणणं.

आता इथे जरा थांबा. लोक गप्प बसतात, हे दिसलं. पण गप्प बसून त्यांना बरं वाटतं का? हा वेगळा प्रश्न आहे, आणि नुसत्या निरीक्षणातून त्याचं उत्तर मिळत नाही. बोलणाऱ्यांना आणि न बोलणाऱ्यांना प्रश्नावली देऊनही भागत नाही. बोलणारे मुळातच आनंदी स्वभावाचे असू शकतात.

२०१४मध्ये निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या प्रवाशांचे चिठ्ठी टाकल्यासारखे तीन गट केले. एकाने शेजाऱ्याशी बोलायचं, दुसऱ्याने एकटं बसायचं, तिसऱ्याने नेहमीसारखं वागायचं. प्रवास सर्वांत छान झाला तो बोलणाऱ्यांचा. पण माझ्या मते खरी हुशारी पुढे आहे. वेगळ्या प्रवाशांना त्यांनी फक्त अंदाज विचारला, तर ते म्हणाले, बोलावं लागलं तर प्रवास सर्वांत वाईट होईल. अगदी उलटं! आपल्याला बोलायचंय, पण समोरच्याला नको असेल, असंच बहुतेकांना वाटत होतं. लंडनच्या प्रवाशांवरही पुढे असाच अभ्यास झाला. तिथेही लोकांचा अंदाज चुकलाच.

मर्यादाही लक्षात ठेवा. मोजलं गेलं ते एका प्रवासानंतरचं मन, वर्षभराचं आरोग्य नव्हे.

आणि हाच प्रयोग मुंबई लोकलमध्ये करायचा विचार असेल, तर आधी तिसऱ्या गटाचं काय ते ठरवा. जिथे ठरलेल्या डब्यात ग्रुप जमतात, भजनं होतात, लेडीज डब्यात हळदीकुंकूसुद्धा होतं, तिथे ‘नेहमीसारखं वागा’ म्हटल्यावर तो गट गप्प बसेलच असं नाही.