आलिशान पर्यटन गाड्यांचे डबे : बांधणी व सजावट

चाकांवरच्या आलिशान निवासाचा महाराष्ट्रातील ठळक नमुना म्हणजे २००४ साली सुरू झालेली डेक्कन ओडिसी.

१९८२ च्या पॅलेस ऑन व्हील्स या पर्यटन गाडीने संस्थानिकांचे जुने मीटरगेज डबे वापरले. ते अस्सल होते, पण जुन्या डब्यांत आधुनिक सोयी बसवणे जिकिरीचे असते. डेक्कन ओडिसीचे डबे मात्र चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत (आयसीएफ) या कामासाठीच बांधले गेले. सांगाड्याची रुंदी सुमारे सव्वातीन मीटर असते आणि साऱ्या सजावटीला तीच मर्यादा घालते. म्हणून साध्या डीलक्स डब्यात चार खोल्या आणि प्रेसिडेन्शियल स्वीटच्या डब्यात दोनच.

दर्जा पारखताना पडदे-गालिचे शेवटी पाहावेत. आधी बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा, मग दोन डब्यांमधली जोडणी. जर्मन घडणीच्या एलएचबी डब्यांना स्टेनलेस स्टीलचे कवच, डिस्क ब्रेक आणि सेंटर बफर कपलर असतो. जुन्या आयसीएफ डब्यांना स्क्रू कपलिंग. रात्री गाडी थांबता-सुटताना बसणारा हिसका उंची लाकडी पॅनेलने लपत नाही. उलट सांधे ढिले असतील, तर तेच पॅनेल आधी कुरकुरते.