पेवाचं तोंड

1803 च्या जूनचा पहिला आठवडा. तुम्ही बोदवडच्या शिवारात उभे आहात. रूळ नाहीत, स्टेशन नाही. काळी जमीन भेगाळलेली, दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर धुरकट. मलकापूरच्या अंगानं राहुट्या आणि बैलांचे तांडे दिसतात. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले याच टापूत भेटत आहेत.

बांधावरचा म्हातारा तुम्हाला जवळ बोलावतो. गेल्या साली होळकरांची फौज खानदेशावरून गेली, तेव्हा त्याच्या घरात दाणा उरला नव्हता. "कोन्हाची फौज हाय ते इचारू नको भाऊ," तो म्हणतो, "किती दिस राह्यते ते इचार."

शिंद्यांच्या छावणीत इंग्रजांचा रेसिडेंट कर्नल कॉलिन्स उत्तराची वाट पाहतो आहे. 31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीराव पेशव्यानं वसईचा तह केला. इंग्रजांची कायमची फौज आणि तिच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख, असा तो सौदा. शिंद्यांना तो मान्य आहे का, एवढंच कॉलिन्सला हवं आहे. भोसल्यांची भेट झाली की लढाई की सलोखा ते सांगू, असं त्याला मे अखेरीस सांगितलं गेलं. आता भेट झाली, तरी उत्तर नाही.

कारण तिसरी गादी रिकामी आहे. यशवंतराव होळकरांनी यावं म्हणून बोलणी चालू आहेत. पण 1797 मध्ये त्यांचा भाऊ मल्हारराव शिंद्यांच्या फौजेकडून मारला गेला. 1801 मध्ये दुसरा भाऊ विठोजी पुण्यात बाजीरावानं हत्तीच्या पायी दिला. ज्यानं भाऊ मारला त्याच्या शेजारी तो कसा बसेल? यशवंतरावांना दोष देताना माझी तरी जीभ अडखळते. तरीही ते आले असते तर, हा विचार तुमची पाठ सोडत नाही.

पलीकडची, इंग्रजांची मैत्री वेगळ्या हिशोबाची आहे. निजामाची फौज, म्हैसूरचे घोडेस्वार आणि बैल, पेशव्यांचे काही सरदार, सगळे एका कामाला जुंपलेले. 26 जूनला गव्हर्नर जनरल आपल्या धाकट्या भावाला, आर्थर वेलस्लीला, युद्धाचे आणि तहाचे पुरे अधिकार देईल. आर्थरला लढाई पावसाळ्यातच हवी आहे: नद्या भरल्या की मराठ्यांची घोडदळं अडतील, त्याच्याजवळ मात्र होड्यांची सोय असेल. इकडच्या दोन दरबारांच्या वतीनं हुकूम देणारा एक माणूस मात्र ठरलेलाच नाही.

3 ऑगस्टला कॉलिन्स छावणी सोडेल. 23 सप्टेंबरला घाटापलीकडे असईला शिंद्यांच्या तोफा तिखट मारा करतील, वेलस्लीची माणसं ढिगानं पडतील, तरी मैदान त्याचंच होईल. मग अडगाव, मग गाविलगड. 17 डिसेंबरला भोसले देवगावला वेगळा तह करतील, 30 ला शिंदे सुर्जी-अंजनगावला वेगळा. एकत्र आलेले दोघं वेगवेगळे उठतील.

म्हातारा आभाळाकडे पाहतो. "पेरू का यंदा?"

पुढच्या वर्षभरात खानदेशात मोठा दुष्काळ पडणार आहे. तुम्ही त्याच्या जमिनीतल्या धान्याच्या पेवाशी उकिडवे बसता.

"पेरा. पण घरचं बी थोडं मागे ठेवा. पेवाचं तोंड मातीनं बुजवा, वर शेणकाला करा. आणि बैल इथेच बांधा, म्हणजे कुणाच्या नजरेला येणार नाही."

तो फावडं उचलतो. तुम्ही माती ओढू लागता.