कनातीच्या आत

आमच्या तेरखेड्याच्या घरात पोरगा कर्ता झाल्याच्या दोन खुणा होत्या. फटाक्याच्या कामात गंधक, सोरा, कोळशाचं माप त्याच्या हाती यायचं आणि जत्रेत बाप स्वतः तिकीट काढून त्याला तमाशाला न्यायचा. त्याआधी कनात उचलून चोरून पाहिलेलं धरत नसत.

मला माझी ती रात्र अजून लख्ख आठवते. ढोलकी कडाडली, गण झाला, गवळणीत मावशी नि पेंद्या आले. बतावणीत सोंगाड्यानं अशी कोटी केली की, एरवी घरात न हसणारे आमचे दादा, म्हणजे वडील, माझ्या मांडीवर थाप मारून हसले. त्या थापेनं मी मोठा झालो. मग पहाटेपर्यंत वग.

जत्रेत असा तमाशा आणायला गावं नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन फडाला सुपारी देत. तिथल्याच तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग यांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. एवढ्या मोठ्या कलेला आमच्याकडची शहाणी माणसं नावं ठेवत, याचा मला कायम राग येई.

पुढे २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आले, रात्री दहानंतर भोंग्यावर बंधन पडलं. पहाटेपर्यंत चालणाऱ्या वगाला त्याचा मोठा फटका बसला. तरी मुलाला अठरावं लागलं तेव्हा मी त्याला तमाशालाच नेलं. गाण्यांपेक्षा त्याला ढोलकीवाल्याची बोटंच बघायची होती. आम्ही पुढं सरकून अगदी त्याच्यासमोर बसलो.