छातीचं ओझं कमी करणारं ऑपरेशन : आधी काय विचारायचं, नंतर किती दिवस जपायचं?

शिंदखेडा : दिवसभर वाकून कापूस वेचायचा, डोक्यावर चाऱ्याचा भारा आणायचा, नळाला पाणी आलं की हंडे भरायचे. तालुक्यातल्या बायकांना मान, खांदे आणि पाठदुखी नवीन नाही. पण काहींच्या दुखण्यामागे फक्त शेतातलं काम नसतं. शरीराच्या मानाने छाती फार जड असेल, तर ते वजन सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत मानेला आणि खांद्यांना ओढत राहतं. गोळी घेतली की दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा दुखणं सुरू होतं. लाजेपायी हे डॉक्टरांनाच काय, घरातही कोणी सांगत नाही.

यावर ऑपरेशन आहे. त्याला स्तनाचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया म्हणतात. ऑपरेशन काही तासांत उरकतं, पण त्यानंतर सहा आठवडे बाईला जड कामापासून लांब ठेवावं लागतं. शेतकरी घरात हाच भाग सगळ्यात अवघड असतो, म्हणून त्याची तयारी आधी करावी लागते.

हे नटण्याचं ऑपरेशन आहे का?

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की सिनेमातल्या नट्या आठवतात. प्रत्यक्षात महाराष्ट्रात ही शाखा वाढली ती भाजलेल्या आणि अपघातातल्या रुग्णांच्या उपचारांतून. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर अंटिया हे या शाखेतलं मोठं नाव. कुष्ठरोगाने वाकडे झालेले हात आणि बिघडलेले चेहरे दुरुस्त करण्याच्या कामासाठी ते ओळखले गेले. बिघडलेलं अंग पुन्हा कामाचं करणं हा या शास्त्राचा पाया आहे.

रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिने २००९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी हे ऑपरेशन करून घेतलं. छातीच्या वजनाने पाठ दुखायची आणि खेळताना हालचाल अडायची. पुढे ती जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली, २०१८ मध्ये फ्रेंच ओपन आणि २०१९ मध्ये विम्बल्डन जिंकली. अंगमेहनत करणाऱ्या कोणत्याही बाईला तिची अडचण लगेच समजेल.

कोणाला गरज पडू शकते?

डॉक्टर साधारण या तक्रारी विचारात घेतात :

- मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग कायम दुखणं
- ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खोल वळ पडणं
- छातीखाली घामाने चट्टे, खाज, वास किंवा वारंवार बुरशी होणं (खान्देशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात हा त्रास फार वाढतो)
- हाताला मुंग्या येणं
- धावणं, वाकणं, ओझं उचलणं अवघड होणं
- वयात येताना छाती झपाट्याने वाढून मुलीने शाळा, खेळ किंवा घराबाहेर जाणं टाळणं

मुलींच्या बाबतीत वाढ पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे बहुधा अठराव्या वर्षापर्यंत थांबायला सांगतात. त्रास फारच असेल तर त्याआधीही विचार होतो. वजन जास्त असेल तर आधी ते कमी करायला सांगतात, कारण वजन उतरल्यावर छातीही काही प्रमाणात उतरू शकते. मूल अंगावर पीत असेल तर दूध तोडल्यावर काही महिने थांबावं लागतं.

तेल, मलम, गोळी?

मोबाइलवर "ऑपरेशनशिवाय आकार कमी" अशा जाहिराती येतात. तेलाने, मलमाने किंवा मालिशने स्तनातली गाठीसारखी ग्रंथी आणि चरबी कमी होत नाही. त्यात पैसे जातात, वर कातडीला ॲलर्जी होऊ शकते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एकाच बाजूला नवी गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, कातडीला खळी पडली किंवा बोंड आत ओढलं गेलं, तर तो आकाराचा प्रश्न नाही. आधी कॅन्सरची तपासणी करून घ्यावी. तीस वर्षांवरच्या बायकांसाठी ही प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत असते. आशाताईंना विचारलं तर दिवस समजतो.

पहिलं पाऊल कुठे?

सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यातून करता येते. तिथून चिठ्ठी घेऊन धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीत दाखवता येतं. तिथले डॉक्टर तपासून पुढे कुठे जायचं ते सांगतात. मुंबईत जे. जे., केईएम, सायन आणि नायर या मोठ्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे स्वतंत्र विभाग आहेत. खासगीत जायचं तर डॉक्टरांची प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी विचारून घ्यावी. ब्युटी पार्लरला जोडलेल्या क्लिनिकमध्ये हे ऑपरेशन करून घेऊ नये.

तपासणीच्या वेळी पुरुष डॉक्टर असतील तर सोबत बाई हवी, असं सांगण्याचा रुग्णाला हक्क आहे. ऑपरेशनआधी छातीचे फोटो काढतात. त्यात चेहरा नसतो आणि त्यासाठी संमती घ्यावी लागते. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची सही कायद्याने पुरेशी असते. नवऱ्याची सही नाही म्हणून तिचा निर्णय अडत नाही. मात्र पुढचे सहा आठवडे घरची साथ लागणारच, म्हणून नवरा आणि सासूला एकदा डॉक्टरांसमोर बसवून बोललेलं बरं.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्डावर हे ऑपरेशन बसतं का, ते भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून पक्कं करून घ्यावं. केवळ सौंदर्यासाठीची ऑपरेशनं अशा योजनांत बसत नाहीत. खासगी आरोग्य विम्यातही प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार असेल आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल, तरच विचार होतो. म्हणून पाठदुखीचे आणि चट्ट्यांच्या उपचाराचे जुने कागद टाकू नयेत.

खासगी रुग्णालयात "एकूण किती?" एवढंच विचारून थांबू नये. भुलेचे डॉक्टर, खोली, औषधं, गाठ तपासणी आणि नंतरची ड्रेसिंग त्यात धरली आहेत का, हे लिहून मागावं.

ऑपरेशनआधी

रक्त, साखर, बीपी आणि ईसीजी तपासतात. वय आणि घरातला इतिहास पाहून स्तनाची सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी सांगतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते भरून काढतात. साखर आटोक्यात नसेल तर ऑपरेशन पुढे ढकलतात, कारण जखम भरत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना सांगावी, स्वतःच्या मनाने बंद करू नये.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मिश्री, तंबाखू, तपकीर. आपल्याकडे सकाळी मिश्री लावणं ही साधी सवय समजतात आणि डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं की बायका नाही म्हणतात. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. या ऑपरेशनात बोंड वर सरकवलेलं असतं आणि ते जगतं याच बारीक रक्तवाहिन्यांवर. रक्त कमी पडलं तर कातडी किंवा बोंडाचा भाग काळा पडून मरू शकतो. म्हणून निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर मिश्री पूर्ण बंद हवी. हे लपवलं तर नुकसान रुग्णाचंच होतं.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

पूर्ण भूल देतात. साधारण दोन ते चार तास लागतात. जास्तीची ग्रंथी, चरबी आणि कातडी काढतात, बोंड वरच्या जागी बसवतात आणि उरलेल्या भागाला आकार देतात. टाके बोंडाभोवती गोल, तिथून खाली सरळ आणि बऱ्याचदा छातीखालच्या घडीत आडवे असतात. काढलेला भाग तपासणीला पाठवतात, तो अहवाल मागून घेऊन जपून ठेवावा. काही वेळा पाणी-रक्त बाहेर यायला नळी ठेवतात, ती एक-दोन दिवसांत काढतात. बहुतेकांना एक किंवा दोन रात्री रुग्णालयात राहावं लागतं.

नंतरचे दिवस

पहिला आठवडा : सूज, काळे-निळे डाग आणि ओढल्यासारखं दुखणं असतं. गोळ्यांनी ते आटोक्यात राहतं. पाठीला उशी लावून उताणं झोपावं. उठून घरात चालावं, सतत पडून राहिलं तर पायात रक्त गोठण्याचा धोका असतो. हात खांद्याच्या वर नेऊ नयेत. वेणी दुसऱ्या कोणी घालून द्यावी.

दुसरा आठवडा : टाके काढायचे असतील तर साधारण दहा ते चौदा दिवसांत काढतात. अंघोळ कधी करायची ते डॉक्टर सांगतील. हळद, राख, तेल, कोरफड, काहीही जखमेवर लावू नये. बसून भाजी निवडणं, मुलांचा अभ्यास घेणं एवढं चालतं.

तिसरा ते सहावा आठवडा : वरून बरं दिसतं आणि इथेच घोटाळा होतो. "आता चांगली दिसते की" म्हणत हंडा हातात येतो. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलो. या काळात दोन-तीन किलोंच्या वर काही उचलायचं नसतं. लहान मूलही कडेवर घ्यायचं नाही, ते बसलेल्या आईच्या मांडीवर दुसऱ्याने ठेवावं. भाकरी थापणं, कणीक तिंबणं, धुणं आपटणं, निंदणी, कापूस वेचणी आणि खराब रस्त्यावर मोटारसायकल हे सगळं डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत बंद. डॉक्टरांनी सांगितलेली आधार देणारी ब्रा या काळात दिवसरात्र घालावी लागते. दोन असल्या तर एक धुता येते.

त्यानंतर : हळूहळू सगळी कामं सुरू करता येतात. सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला सहा महिने ते वर्ष जातं. व्रण आधी लाल असतात, वर्षभरात फिके होतात, पण पूर्ण जात नाहीत.

म्हणून तारीख ठरवताना शेताचा हंगाम बघावा. कापूस वेचणी उरकल्यावर आणि कडक ऊन लागण्याआधी सहा आठवडे मिळाले तर सोयीचं. पाणी कोण भरेल, स्वयंपाक कोण करेल, ढोरांचं कोण बघेल, हे जाऊ, नणंद, माहेरची आई आणि नवरा यांच्यात आधीच वाटून घ्यावं.

काय बिघडू शकतं?

सगळ्यात जास्त दिसतं ते टाक्यांची जागा थोडी उसवणं. ड्रेसिंग करत राहिलं की ती बहुधा भरते. बोंडाची संवेदना कमी होऊ शकते, काहींची परत येते. दोन्ही बाजूंत थोडा फरक राहू शकतो. काहींचे व्रण जाड होतात. पुढे मूल झाल्यावर काही बायका अंगावर पाजू शकतात, काहींना दूध कमी येतं तर काहींना येतच नाही. लग्न किंवा बाळंतपण व्हायचं असेल तर हे आधी स्पष्ट विचारावं. पुढे वजन वाढलं किंवा दिवस राहिले तर आकार पुन्हा वाढू शकतो.

या खुणा दिसल्या तर सकाळची वाट बघू नये :

- थंडी वाजून ताप
- एक बाजू अचानक घट्ट, फुगलेली आणि फार दुखरी होणं
- जखमेतून पू किंवा घाण वास
- बोंड काळं-निळं पडणं
- पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, धाप लागणं

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना लगेच फोन करावा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट १०८ ला फोन लावावा.

दाखवायला जाताना विचारायचे प्रश्न

१. माझं दुखणं या ऑपरेशनने किती कमी होईल? दुसरा उपाय आहे का?
२. टाके कुठे येतील?
३. पुढे मूल अंगावर पाजता येईल का?
४. जखम उसवली तर ड्रेसिंग गावाजवळ होईल का, की परत इथेच यावं लागेल?
५. शेतातलं काम नक्की कोणत्या तारखेपासून करू?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्यावं. घरात "आता उचल ना थोडं" असं कोणी म्हणालं, तर डॉक्टरांचा कागद दाखवता येतो.