बीडच्या पुरुषांची उघडी न्हाणी

बीड जिल्ह्यातल्या जुन्या माळवदी वाड्यात न्हाणी शोधायची तर मागच्या अंगाला जावे लागते. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, चुलवणाशेजारी, दोन-तीन हात रुंदीची ती अंधारी जागा. खाली घडीव दगड किंवा शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा हंडा, वजरी ठेवायला कोनाडा आणि सांडपाणी परसातल्या अळूपर्यंत नेणारी मोरी. ही जागा बायकांची, बाळंतिणीची, आजारी माणसाची. घरातला धडधाकट पुरुष तिथे क्वचितच शिरे. त्याची अंघोळ अंगणातल्या आडावर, शेतातल्या विहिरीवर, नाही तर नदीवर. आज कुणी 'मर्दानी' थाटाचे बाथरूम बांधायला काढले, तर त्याचा इथला पूर्वज चार भिंतींच्या आत सापडायचा नाही.

सत्ताधाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. देवगिरीच्या किल्ल्याखाली शाही हमाम आजही उभा आहे: घुमटाची छते, गरम आणि गार पाण्याच्या वेगळ्या सोयी, वाफेची दालने. स्नानासाठी खास इमारत बांधायची ही रीत सुलतान आणि सरदारांपुरती राहिली. अहमदनगरच्या निजामशाहीने बीडला मात्र वेगळीच वास्तू दिली. पहिल्या मुर्तजा निजामशहाच्या काळात (1565 ते 1588) सलाबतखानाने शहराच्या दक्षिणेला खजाना विहीर बांधवली. तिचा स्थापत्यकार म्हणून राजा भास्कर याचे नाव सांगितले जाते. या गोल विहिरीतले पाणी भूमिगत नहरीतून उताराने शेतापर्यंत जाते. ना मोट लागते, ना बैल. तिचे पाणी दुष्काळातही तळ गाठत नाही अशी तिची ख्याती आहे.

बाकीच्या विहिरींवर मोट होती. धावेवरून बैल उतरत, चामड्याची मोट वर येई आणि थारोळ्यात रिती होई. थारोळे म्हणजे विहिरीच्या काठावरचा दगडी हौद. तिथून पाणी पाटाने पिकाकडे वळे. शेतकऱ्याची खरी न्हाणी हीच. मोट रिती झाली की मांडीएवढ्या जाडीचा लोट अंगावर घ्यायचा, काळ्या दगडावर टाच घासायची, धोतर तिथेच आपटायचे आणि ओल्या पंच्यानिशी न्याहारीला बसायचे. पोळ्याच्या दिवशी आधी बैल धुवायचे, मग स्वतः पाण्यात उतरायचे.

नदीचे स्नान थोडे निराळे, कारण तिथे पुण्याचा हिशेब होता. गोदावरीकाठी माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला अधिक मासात आजही स्नानासाठी मोठी गर्दी लोटते. गाव जुने आहे. यादवराजा रामचंद्राचा 1310 सालचा ताम्रपट इथलाच. मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला आलेले भाविक धबधब्याखाली उभे राहतात. घाटावर पुरुष लंगोटीवर उतरतो, बाई मात्र अंगभर लुगड्यानिशी बुडी मारते आणि ओलेत्याने आडोसा शोधते. पाणी एकच असले तरी मोकळेपणा सारखा नव्हता.

सगळ्या पुरुषांनाही तो सारखा नव्हता. गावच्या आडावर आणि बारवेवर दलितांना पोहरा सोडण्याची बंदी होती. अंघोळ सोडाच, पिण्याचे पाणीही वरून कुणी ओतेल तेव्हा मिळायचे. महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी ओंजळ भरली, तेव्हा बीड हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. इथल्या पाणवठ्यांवरचा पहारा त्यानंतरही लवकर उठला नाही.

पुरुषांच्या या मोकळ्या अंघोळीमागे बायकांचे कष्ट होते, हेही नोंदवायला हवे. थंडीत पहाटे चुलवण पेटवायचे, बंबात ढलप्या सारायच्या, घंगाळात विसण घालून पाणी अंगणात न्यायचे, नंतर धोतर खळखळून वाळत टाकायचे, ही सगळी कामे घरच्या बाईची. दिवाळीच्या अभ्यंगाला तर पाटावर बसलेल्या पुरुषाच्या अंगाला तेल-उटणेही तीच लावी. तिची स्वतःची अंघोळ उरल्या पाण्यात, उरल्या वेळेत.

पुरुषी शैली बाजारात आली ती आधी साबणातून. लाइफबॉय 1895 मध्ये भारतात आला. त्याची लाल वडी आणि औषधी वास पुढे घाम गाळणाऱ्या, मैदानात खेळणाऱ्या माणसाशी जोडला गेला. लक्सने सौंदर्याची बाजू धरली. 1941 मध्ये लीला चिटणीस त्याच्या जाहिरातीत झळकणाऱ्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या. गोदरेजचा सिंथॉल 1952 चा. 1980 च्या दशकात विनोद खन्ना त्याचा चेहरा झाला. न्हाणी एकच असलेल्या घरांतही साबण असे दोन झाले.

मोट गेली ती डिझेल इंजिन आणि विजेच्या मोटारीमुळे. थारोळ्याची जागा सिमेंटच्या हौदाने घेतली आणि अंघोळीची वेळ वीज येण्या-जाण्यावर ठरू लागली. 1972 चा दुष्काळ आणि नंतरच्या टंचाईच्या वर्षांनी पुरुषांनाही बादलीवर आणले. नदी आटली, विहीर खोल गेली आणि टँकरच्या पाण्यात लोट अंगावर घेण्याची चैन परवडेना. बीडचा पुरुष घरातल्या न्हाणीत शिरला त्याचे एक मोठे कारण हे आहे. 2014 च्या स्वच्छ भारत मोहिमेनंतर गावोगाव शौचालये बांधली गेली. त्यांतली कित्येक पाण्याअभावी अडगळीची खोली झाली, तर कित्येकांत बादली ठेवून अंघोळ सुरू झाली.

आता घरबांधणीच्या मासिकांत पुरुषी बाथरूमची जी कृती दिलेली असते ती अशी: काळा किंवा राखाडी रंग, खडबडीत दगडी पोत, नक्षीला फाटा, मोठा शॉवर, जाड तोटी. मोरबीच्या कारखान्यांतून दगडाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या टाइल्स मराठवाड्यात येतात. गंमत अशी की बेसॉल्टचा काळा दगड, उघडा पोत आणि वरून कोसळणारे पाणी हे सगळे बीडच्या थारोळ्यावर आधीपासून होते. शोरूममधली नक्कल विकत घेण्याआधी जवळच्या पाथरवटाकडे चौकशी केलेली बरी. घडीव काळ्या दगडावर पाय सहसा घसरत नाही आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. फक्त उतार नीट काढून घ्यावा.

पण बाथरूमच्या शैलीची ही चर्चा घर असलेल्यांची. याच जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे त्यांच्या झोपड्यांत, न्हाणी नसते. पुरुष कालव्यावर किंवा मोटारीच्या पाइपाखाली उरकून घेतो. बाई अंधार असताना, चार बांबूंना साडी गुंडाळून. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न ऐरणीवर आल्यावर 2019 मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा या बायकांच्या आरोग्याबरोबर त्यांच्या राहण्याच्या सोयींचीही चर्चा झाली. साखर कारखान्यांनी गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक तळावर दार असलेली न्हाणी आणि पाण्याची टाकी उभी करावी. पत्रे, कडी, टाकी आणि पाइप एवढ्यावर हे काम भागते.