शब्दवेध : श्यू

चिनी वेब-कादंबऱ्यांत साधनेने अमर होण्याला ‘श्यूश्येन’ म्हणतात. ‘श्येन’ म्हणजे अमर पुरुष किंवा स्त्री. पण खरा कस ‘श्यू’चा. चिनी रस्त्यावर चपला शिवणाऱ्याच्या आणि सायकल दुरुस्तीच्या पाटीवर हेच अक्षर असते, ‘दुरुस्त करणे’ या अर्थाने. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरकारांनी संस्कृत ‘भावना’साठीही तेच निवडले. म्हणजे साधना ही स्वतःची रोजची डागडुजी. म्हणूनच या कादंबऱ्यांतली दुबळ्या गुणांची, पण पहाटेपासून राबणारी ‘न्यूश्यू’, म्हणजे साधिका, मला या शब्दाची खरी वारस वाटते.

कोणी म्हणेल, इसवी सन १००च्या सुमाराच्या ‘शुओवेन’ कोशात ‘श्यू’चा अर्थ ‘सजवणे’ असा आहे. असेना, सजावटही हातानेच, पुन्हा पुन्हा करावी लागते. दुसरा आक्षेप वजनदार आहे : या कथांत साधकाची कुवत बहुधा ‘आत्ममुळा’वरच, म्हणजे साधनेच्या जन्मजात क्षमतेवरच, ठरते. पण मूळ मिळते, ‘श्यू’ करावे लागते. क्रियापदाचा मान कष्टालाच आहे. शिवाय साधिका ही काही वेब-लेखकांची कल्पना नव्हे. ताओवादी छ्वानझन पंथाच्या ‘सात सिद्धां’त एकच स्त्री आहे, सुन पू-अर. ती बाराव्या शतकातली, आणि संसार सोडून साधनेला लागली तेव्हा पन्नाशीला आली होती.